हलीमाआपांची फुंकर

हलीमाआपा वॉर्डात शिरल्या की आधी भांडण व्हायचं आणि मग काम. समोर कोण आहे ते त्या बघत नसत. बाळंतिणीची सासू असेल, खाटेखाली चपला सारणारा नवरा असेल, खिडकीत वाळत घातलेलं ओलं लुगडं असेल, नाहीतर मी. "ओ कंपाउंडर, ही मलमाची डबी हाय का कुंकवाचा करंडा? इतक्यात किती बायांना पुरवू?" असं दारातूनच विचारायच्या, आणि मी तोंड उघडायच्या आत कपाटातली मोठी डबी उचलून निघून गेलेल्या असायच्या. त्या दवाखान्यात मी उभी हयात काढली, पण माझ्या टेबलावरची वस्तू न विचारता उचलायचा हक्क एकट्या आपांना होता. तो त्यांना कुणी दिला होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

दवाखाना मुरुम गावाच्या बाजूला होता. धर्मादाय. आडतीवर शेतकऱ्याचा माल उतरला की व्यापारी पोत्यामागं थोडा धर्मादाय काढून ठेवायचे, आणि त्यातून आमचा गाडा चालायचा. लांबट दगडी इमारत, पुढं कडुनिंबाची झाडं, मागच्या अंगाला बाळंतिणींचा वॉर्ड. डॉक्टर एकच, साठे नावाचे, पुण्याकडून आलेले आणि मग इथंच रमलेले. बाळंतपणं मात्र आपांची. डॉक्टरांना त्या फक्त मूल आडवं असलं तरच बोलवायच्या, आणि तेव्हाही बोलवल्याचा उपकार केल्यासारखा चेहरा करायच्या.

आपा नर्सिंग शिकल्या हैदराबादला. निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत त्यांचा नवरा पाकिस्तानात गेला. "तुम्ही व्हा पुढं, मी आलेच," असं त्याला म्हणाल्या आणि गेल्याच नाहीत. का, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं. "त्या दिवशी आलूरची एक बाई अडली होती. तिला सोडून कशी जाऊ?" त्यानंतरही रोज कुणी ना कुणी अडलेलीच असायची.

बुटक्या, अंगानं भरलेल्या, पांढरं लुगडं, पदर कमरेला खोचलेला, आणि जंतू मारायच्या कार्बोलिकनं कोपरापर्यंत लाल झालेले हात. भांडायच्या मराठीत, लाड करायच्या दखनीत, आणि सरहद्दीपलीकडची कन्नड बाई कळा देत असली तर तिच्या उशाशी बसून "तडी अव्वा, स्वल्प तडी", थांब माय, जरा दम धर, असं करत तिचे केस मागं सारायच्या. मी एकदा म्हणालो, आपा, तिला मराठी कळतं की. म्हणाल्या, "कळतं वो. पन कळा देताना दुसऱ्याची बोली कामाला येत न्हाय."

मूल जन्मलं, पुसलं, नाळ बांधली, फडक्यात गुंडाळलं, की आपा ते आपल्या तोंडाशी धरायच्या. ओठातल्या ओठात काही पुटपुटायच्या आणि त्याच्या कपाळावर, डोळ्यांवर, नाकातोंडावर हलकेच फुंकर घालायच्या. हिंदूचं असो, मुसलमानाचं असो, लिंगायताचं असो. पोरगी असली तर दोनदा. पोरगी झाली म्हटल्यावर घरच्यांची तोंडं उतरायची, त्या उतरलेल्या तोंडांसमोर आपा मुद्दाम दोन वेळा फुंकायच्या आणि म्हणायच्या, "एक हिच्यासाठी, एक तुमच्या अकलेसाठी."

एका लिंगायत व्यापाऱ्याच्या आईनं एकदा नातवाला फुंकर घालू दिली नाही. आमच्यात विभूती लावतात, म्हणाली. आपांनी निमूट मूल तिच्या हातात दिलं. बारशाच्या आधीच ती म्हातारी छकडा जोडून परत हजर. पोर रडायचं थांबेना. "नर्सबाई, ते तुमचं काय असतंय ते करून टाका बाई एकदा." आपांनी तिला पायरीवर बसवलं. "आधी तुमची विभूती लावा. मग माझी फुंकर. दोघी मिळून बघू." विभूती झाली, फुंकर झाली, आणि मधल्यामध्ये आपांनी पोराला आवळून बांधलेलं फडकं सैल केलं. पोर झोपलं. सैल फडक्याचं श्रेय फडक्याला कोण देतं? म्हातारीनं ते फुंकरीला दिलं, आणि पुढच्या बाजारापर्यंत ही गोष्ट सगळ्या पंचक्रोशीत झाली.

पेनिसिलिन येण्याआधीच्या दिवसांबद्दल आपा सहसा बोलत नसत. एकदाच बोलल्या. हैदराबादच्या वॉर्डात बाळंतरोग शिरला की कसा एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जायचा, आणि चहा पिताना हसलेली बाई संध्याकाळी कशी ओळखू यायची नाही, ते सांगता सांगता उठून गेल्या. त्यामुळं आमच्याकडं पेनिसिलिन पहिल्यांदा आलं तो दिवस त्यांना सणासारखा होता. सोलापूरहून बर्फाच्या डब्यातून आलेल्या चिमुकल्या बाटल्या, तळाला चिमूटभर पांढरी पूड. तेव्हा वॉर्डात तापानं फणफणलेली एक बाई होती, जीभ करपलेली, माणसं ओळखत नव्हती. इंजेक्शनं सुरू झाली आणि काही दिवसांत ती उठून भाकरी मागायला लागली. आपांनी तिला भाकरी दिली, बाहेर आल्या, रिकामी बाटली दोन्ही डोळ्यांना लावली आणि माझ्यासमोर ढसाढसा रडल्या. मी त्यांना रडताना पाहिलेलं ते पहिलं.

तेव्हापासून पेनिसिलिनचा थेंब वाया गेलेला त्यांना खपत नसे. इंजेक्शन देऊन झालं की बाटलीच्या तळाला आणि रबरी बुचाला ओलावा राहतोच. आपा त्यात उकळून गार केलेलं पाणी घालायच्या, हलवायच्या आणि ते पाणी एनॅमलच्या पांढऱ्या पेल्यात जमा करायच्या. त्यात कापसाचा बोळा बुडवून बाळाच्या बेंबीला लावायच्या, चिकटलेल्या डोळ्यांना लावायच्या, बाळंतिणीच्या चिरलेल्या छातीला लावायच्या. कार्बोलिकनं त्यांच्या स्वतःच्या बोटांना भेगा पडायच्या, नखुर्डं व्हायचं, तिथंही तेच. "टाकू नगा वो, त्यात जीव हाय," म्हणायच्या. बायका घरी जाताना शिशीत भरून मागून न्यायच्या. 'आपाचं पाणी' असं त्याला नावच पडलं.

आणि हे काही त्या चोरून करत नव्हत्या. डॉक्टर साठ्यांना त्याचं फार कौतुक. विश्वस्त मंडळी दवाखाना बघायला आली की ते हटकून तो पेला दाखवायचे. बघा, आमच्याकडं औषधाचा थेंबही फुकट जात नाही. वर्गणीवर चालणारा दवाखाना, महाग औषध, दूरवरून येणारे गरीब लोक. काटकसर हीच आमच्याकडं मोठी अक्कल समजली जायची. विश्वस्त माना डोलवायचे आणि आपा पदर सावरून पेल्यावर झाकण ठेवायच्या.

महाराष्ट्र नुकता झाला होता त्या सुमाराची गोष्ट. वॉर्डातल्या एका बाळाच्या काखेत पाण्याचे फोड आले. मग शेजारच्या बाळाला. मग एका बाळंतिणीची छाती सुजून दगडासारखी झाली आणि तिच्यात पू झाला. यात नवं काही नव्हतं. पेनिसिलिन दिलं की दोन दिवसांत उतरायचं. यावेळी उतरेना. डॉक्टरांनी डोस दुप्पट केला. तरी उतरेना. लोहाऱ्याकडच्या काशीबाई नावाच्या पोरसवदा बाईला पहिलाच मुलगा झाला होता, गोरापान, जावळ भरपूर. त्याच्या बेंबीपासून लाली पसरली, पोट फुगलं, आणि सुया चालू असतानाच तो गेला. पेनिसिलिन चालू असताना वॉर्डात मूल दगावलेलं आम्ही कुणी तोवर बघितलं नव्हतं.

विश्वस्तांनी पहिला संशय माझ्यावर घेतला. खरं औषध विकून बाटल्यांत खडूची पूड भरतो म्हणून. माझं डोकं फिरलं, मी राजीनामा लिहायला बसलो. तेवढ्यात आपा आल्या आणि त्या शेठ लोकांसमोर म्हणाल्या, "हा चोर आस्ता तर आसला फाटका सदरा घालून आला आस्ता व्हय?" आळ गेला, पण सदऱ्याचं मला अजून लागतं.

मग आम्ही वॉर्डाला चुना दिला. गाद्या जाळल्या, सतरंज्या जाळल्या, खाटा कार्बोलिकनं धुतल्या. दिवसभर चुलवणावर कपडे उकळायचे. सरपण आणता आणता आणि कापूस-पट्ट्या पुरवता पुरवता व्यापाऱ्यांचा धर्मादाय कधी संपला ते कळलं नाही. आठवड्यात घरी जाणाऱ्या बाळंतिणी महिना महिना खाटेवर. त्यांचे नवरे कडुनिंबाखाली तीन दगड मांडून पिठलं शिजवत बसलेले, तिकडं पेरणी टळत चाललेली. खाट रिकामी नाही म्हणून अडलेल्या बाया परत पाठवाव्या लागायच्या, आणि त्या वाटेत कुठं बाळंत झाल्या, वाचल्या का गेल्या, हे आम्हाला कळायचंही नाही. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या पुवावर चालेल असं एक नवं औषध मुंबईहून मागवावं लागायचं. ते इतकं महाग की सगळ्यांना देणं दवाखान्याला शक्य नव्हतं. कुणाला द्यायचं हे डॉक्टर ठरवायचे आणि ठरवून झालं की घरी जाऊन जेवायचे नाहीत. काशीबाईला छातीत पू होऊन ताप चढला तेव्हा तिच्या नवऱ्यानं, नामदेवानं, दुभती म्हैस विकून ते औषध आणलं. बायको वाचली. मुलगा आधीच गेला होता. म्हैस गेली तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांचं दूधही गेलं.

आपांनी या दिवसांत घरी जाणंच सोडलं. प्रत्येक बाळाची बेंबी स्वतः पुसायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. पेल्यातलं पाणी एकदा लावायच्या तिथं चारदा. आणि फुंकर तर येता-जाता. दवाखान्याला कुणाची तरी नजर लागलीय, असं बाया म्हणायच्या, आणि आपांच्याही मनात ते बसलं असावं. जितकी माया करायच्या, तितकं ते वाढत होतं, आणि आम्ही सगळे म्हणत होतो, आपा आहेत म्हणून एवढ्यावर भागतंय.

शेवटी डॉक्टरांनी सगळ्यांच्या नाकातून कापसाच्या काड्या फिरवल्या. आया, झाडूवाला, मी, आपा, ते स्वतः. काड्या नळ्यांत घालून, नळ्या बिस्किटाच्या डब्यात बसवून, तो डबा मांडीवर घेऊन ते एस.टी.नं हैदराबादच्या प्रयोगशाळेत गेले. परत आले तेव्हा डबा तसाच मांडीवर धरल्यासारखा हातात होता. माझ्या खोलीत आले, आपांना बोलावलं आणि मला दार लोटायला सांगितलं.

"बसा आपा."

"बसायला येळ न्हाय, धुणं उकळायला टाकलंय."

"बसा."

आपा स्टुलावर बसल्या.

"जंतू सगळ्यांच्याच नाकात असतात," डॉक्टर म्हणाले. "माझ्याही नाकात निघाले. पण माझे पेनिसिलिननं मरतात." मग हातातला डबा टेबलावर ठेवला. "तुमचे मरत नाहीत. बाळांच्या फोडांत जे आहेत, तेच आहेत."

आपांनी पदरानं नाक पुसलं. शेंबूड दिसतोय असं सांगितल्यावर लहान मूल पुसतं, तसं. "मग धुते की. कार्बोलिकनं धुते."

"ते धुऊन जात नाही."

"माझ्यात आलं कुठनं?"

डॉक्टरांनी टेबलावरच्या एनॅमलच्या पेल्याकडं पाहिलं. "औषध पुरेसं दिलं तर जंतू मरतो. पाणी घालून पातळ केलं, जरा जरा लावलं, तर मरत नाही, निब्बर होतो. आपण सगळ्यांनी मिळून त्याला निब्बर केलाय. मीसुद्धा. हा पेला मीच मिरवत होतो ना?"

"आन् फुंकर?" आपांनी विचारलं.

डॉक्टर खिडकीकडं बघायला लागले. आपा एकेक नाव घ्यायला लागल्या. "लोहाऱ्याच्या काशीचं पोरगं. रेवम्माची पोरगी. सकीनाचं, ज्याचं नावबी ठेवलं नव्हतं ते." दगावलेली, फोडांनी सोललेली, डोळा गेलेली, सगळी मुलं त्यांना आईच्या नावानं पाठ होती. आवाज चढला नाही, रडल्या नाहीत. मलाच ते ऐकवेना. मी उगाच एक बाटली पुसत उभा राहिलो.

डॉक्टर म्हणाले, "हे बाहेर कुठं बोलायचं नाही. लोकांना जंतू समजणार नाही. तुमचा धर्म मात्र लगेच समजेल."

"आन् त्या बायांनी कुनाला इचारायचं मग, लेकरू कशानं गेलं म्हून?"

डॉक्टरांनी पेला उचलून कपाटात ठेवला.

नाकात घालायची मलमं झाली, नाक धुऊन काढणं झालं. काड्या पुन्हा हैदराबादला गेल्या, पुन्हा तेच उत्तर आलं. आपांना बाळंतिणींच्या वॉर्डातून काढून कपडे उकळायच्या खोलीवर नेमलं. पेला बंद झाला. आणि हळूहळू वॉर्ड सुधारला. नवी बाळं निरोगी घरी जायला लागली. त्यांना हेच सगळ्यात जड गेलं असणार. वॉर्डातून रडण्याचा आवाज आला की चुलवणापाशी उभ्या राहून कान द्यायच्या आणि विचारायच्या, "कंपाउंडर, रडणं जोरकस हाय न्हवं?" जोरकस आहे म्हटलं की चेहरा उजळायचा आणि लगेच विझायचा.

बाजारच्या दिवशी बाया मुलं घेऊन गाठायच्याच. "आपा, जरा फुंका की याला." आपा पदर नाकावर ओढायच्या, हात पाठीमागं न्यायच्या आणि वाट बदलायच्या. बोलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून कारण सांगता यायचं नाही. लोक म्हणायला लागले, आपा बदलली. पगार वाढला असंल. मी दोन-चार जणांशी त्यावरून भांडलो, पण मलाही कारण सांगता येत नव्हतंच.

एके दिवशी आपा मला म्हणाल्या, "लोहाऱ्याकडं जाऊन येते." मी समजलो. नको म्हणून बघितलं, डॉक्टरांची भीती घातली. त्या गेल्या. संध्याकाळच्या बसनं परतल्या आणि माझ्या पायरीवर बसल्या.

"सांगितलं?"

"सांगितलं. तुजं लेकरू माझ्यामुळं गेलं म्हनाले."

"मग?"

"हसली. म्हनली, आपा, तुमच्या फुंकरीनं कुनी मरतंय व्हय? द्येवानं दिलं, द्येवानं नेलं. मला दूध-भात वाढला. म्हैस इकून बसलेत, दूध शेजारनं मागून आनलं माझ्यासाठी." आपांनी तोंडावरून हात फिरवला. "दोन कानाखाली मारली आस्ती तर बरं झालं आस्तं, कंपाउंडर. मी आता हे कुठं नेऊ?"

पुढच्या सालात काशीबाईला पुन्हा दिवस गेले. भरत आल्यावर तिनं निरोप पाठवला, आपा घरी येणार असतील तर त्यांच्याच हातानं बाळंत होईन, नाहीतर दवाखान्याचं नाव नको. डॉक्टरांनी खूप विचार करून आपांना परवानगी दिली, आत पाऊल न टाकण्याच्या अटीवर, आणि सामानाची पेटी देऊन मला सोबत पाठवलं. आम्ही सकाळी तिच्या घरी पोचलो तेव्हा कळा सुरू झाल्या होत्या. आपांनी नाकातोंडाला फडकं बांधलं, अंगणात दारापासून लांब बसल्या आणि तिथनं गावच्या सुईणीला ओरडून सांगत राहिल्या. हात साबणानं धुवा, पुन्हा धुवा, कात्री उकळली का, चिंधी नको, पेटीतला कापूस घ्या. आतून काशीबाई हाका मारायची, "आपा, आत या वो!" आपा दोन्ही मुठी गुडघ्यांवर आवळून म्हणायच्या, "मी हितंच हाय, बेटा. हितंच हाय." आयुष्यात अडलेल्या बाईपासून दूर बसण्याची त्यांच्यावर आलेली ती पहिलीच वेळ असेल. घामानं त्यांच्या लुगड्याची पाठ भिजली होती.

उन्हं वर आली तेव्हा बाळ रडलं. खणखणीत. आपांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं काशीबाईची सासू बाळाला गुंडाळून हसत बाहेर आली आणि आपांपुढं धरलं. "घ्या. तुमच्या हातनं होऊ द्या."

आपा उठल्या आणि मागं सरकल्या. सासू पुढं आली, आपा आणखी मागं. पार काट्याच्या कुंपणाला पाठ टेकेपर्यंत. सासूचं हसू मावळलं.

"पोरगी झाली म्हून फुंकंना व्हय आपा?" ती म्हणाली. "तुमीबी तसल्याच निघालात?"

त्या क्षणी मला वाटलं, आता आपा फडकं सोडतील आणि घालतील दोन फुंकरा. दुसऱ्या कुणालाही राहवलं नसतं. आपांनी मान खाली घातली, आणि तो आळ घेतला. मी सासूला काहीतरी सांगायला गेलो तर त्यांनी हातानं मला गप्प केलं. परतताना बसमध्ये मी रागानं म्हणालो, तुम्ही सांगायचं तरी होतं. म्हणाल्या, "एकदा सांगितलं तर काशी हसली. आता निदान सासू तरी रागावली."

ती पोरगी जगली, हे मला नामदेवाकडून नंतर कळलं. तो ते सांगायला आला तोवर आपा दवाखाना सोडून गेल्या होत्या. डॉक्टरांनी खूप अडवलं. कळंबला भाऊ होता, त्याच्याकडं गेल्या. तिथं शिवणकाम करायच्या म्हणे. दवाखान्यात पुन्हा कधी आल्या नाहीत.

मला त्या एकदाच दिसल्या, पुढं बऱ्याच वर्षांनी. मी येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाला गेलो होतो आणि उस्मानाबादच्या एस.टी.त कशीबशी जागा मिळवली होती. गाडी हलल्यावर लक्षात आलं, पुढच्या बाकावर खिडकीशी आपा आहेत. वाळल्या होत्या, केस पांढरे झाले होते. हाक मारणार, तेवढ्यात पुढच्या थांब्यावर एक तरुण बाई चढली. काखेत तान्हं, हातात गठुडं, मागं एक रडकं पोर. गर्दीत उभं राहायला धड जागा नाही. आपल्याकडं एस.टी.त अशा वेळी कुणी विचारत बसत नाही. "धरा वो आजी जरा," म्हणत तिनं तान्हं आपांच्या मांडीवर ठेवलं आणि गठुडं सावरायला लागली.

आपांचे दोन्ही हात वर गेले, अंगावर काही सांडल्यासारखे. गाडीनं हिसका दिला. डावा हात आपोआप खाली आला आणि बाळाच्या मानेखाली गेला. तो हात मी ओळखला. मग आपांनी पदर नाकावर ओढून घेतला, तोंड खिडकीबाहेर काढलं आणि मान तशीच ठेवली. बाहेर उन्हाळ्याचा भगभगीत वारा, रस्त्याचा फुफाटा.

मी उठून वाकलो. "आपा, मी आहे, कंपाउंडर. आणा इकडं, मी धरतो."

आवाज त्यांनी ओळखला. मान वळवली नाही. "आसू द्या," खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

येडशी गाव आलं, गेलं. बाळ झोपलं होतं. त्याची आई म्हणाली, "आजी, डोळ्यांत धूळ जाती की, तोंड आत घ्या." आपा म्हणाल्या, "मला हवा लागती, बेटा." उस्मानाबादच्या स्टँडवर गाडी थांबली, त्या बाईनं बाळ उचललं, पोराला ओढलं आणि ती गर्दीत उतरून गेली. ती उतरल्याचं कळल्यावर मगच आपांनी तोंड आत घेतलं. चेहरा धुळीनं माखला होता आणि डोळ्यांखालून त्या धुळीत ओघळ उतरले होते.

"कंपाउंडर," त्यांनी विचारलं, "पोरगा होता का पोरगी?"

मीही पाहिलं नव्हतं, पण पोरींना घालायच्या त्या दोन फुंकरा आठवल्या. "पोरगी," मी म्हणालो.

"चांगलं झालं," म्हणाल्या, आणि पिशवी उचलून उतरायला उठल्या.